झिंगा पाहाले कोणी जाते का

माझा भाऊ मिथुन वाईट माणूस नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे बोलणार आहे ते ऐकून तुम्हाला तसं वाटेल. आईबाबांना सांभाळतो, दारूला शिवत नाही, पवनीत मोबाइलचं दुकान नीट चालवतो. त्याचा दोष एकच. आपल्याला काय आवडतं हे त्याला माहीत नसतं. चार लोकांना काय आवडलं ते विचारून घेतो आणि मग ते त्याला आवडतं. शेजाऱ्याने गाडी घेतली तर तीच गाडी, आणि तिचा रंगही तोच.

मी एसटीत कंडक्टर आहे. दिवसभर माणसांना एकच प्रश्न विचारते, कुठं जायचं? कोणी अड्याळ म्हणतो, कोणी भिवापूर, कोणी लाखांदूर. जो जे गाव सांगेल त्याला त्याच गावाचं तिकीट. अड्याळ मागणाऱ्याला मी ‘भंडारा घ्या, सगळे तिकडेच चाललेत’ असं म्हटलं तर तो माझी तक्रार करेल, आणि बरोबर करेल. आमच्या घरात माझ्या बाबांच्या बाबतीत नेमकं हेच झालं आणि तक्रार ऐकून घ्यायला कोणी नव्हतं.

बाबांचं नाव मोतीलाल. आम्ही ढिवर, नदीवर जगणारी माणसं. आमचं जुनं गाव वैनगंगेच्या काठावर होतं. गोसीखुर्द धरणाचे दरवाजे पडून नदी अडली, पाणी मागे चढत आलं आणि गाव त्याच्या पोटात गेलं. आम्हाला पुनर्वसनात घरं मिळाली. रस्ते सिमेंटचे, नाल्या सिमेंटच्या, शाळेपुढे कमान, आणि नदी मात्र लांब. तरी बाबा पहाटे सायकल काढायचे, धरणाच्या पाण्यात डोंगा, म्हणजे छोटी नाव, घालायचे आणि मिळेल ती मासळी आणायचे. गेल्या दिवाळीनंतर ते डोंगा खुंटावर आणि सायकल माणसांवर आदळू लागले. नागपूरला नेलं तेव्हा कळलं, काचबिंदू आहे. एक डोळा गेलेलाच होता. दुसऱ्याच्या कडा गेल्या होत्या, मधलं तेवढं दिसत होतं, पोंगळीतून पाहावं तसं.

डॉक्टरांनी आम्हा दोघा बहीणभावांना बाहेर बोलावलं. गेलेली नजर परत येत नसते, ते म्हणाले. थेंबांनी उरलेली टिकवायची, पण ती किती टिकेल ते कोणी सांगू शकत नाही. त्यांना काही पाहायचं असेल तर दाखवून घ्या.

मिथुनने पवनीला पोचायच्या आत ठरवून टाकलं. “बाबाले काश्मीर दाखवतो. विमानानं.”

“बाबाले विचारलं का?” मी म्हटलं.

“त्यात काय विचाराचं? काश्मीर कोणाले नाई आवडत?”

बाबा मागच्या सीटवर बसले होते. त्यांचे डोळे गेले होते, कान नव्हते गेले.

त्या रविवारी मी घरी गेले तेव्हा ते ओट्यावर जाळं शिवत बसले होते. बोटांनी चाचपून गाठी मारत होते. मी शेजारी बसले आणि सरळ विचारलं, “बाबा, तुमाले कुठं जाचं आहे?”

त्यांनी आणखी दोन गाठी मारल्या. आयुष्यात हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता, मग उत्तर तयार कुठून असणार. धरणाच्या वेळी नाही विचारलं, प्लॉटच्या वेळी नाही विचारलं. शेवटी म्हणाले, “राजमहेंद्री.”

“तिथं काय आहे?”

“झिंगा तिथून येत होता.”

हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही मिथुनसारखे हसाल. पाऊस ओसरला की आमच्या नदीला झिंगे चढायचे. पाण्याच्या उलट, काठाकाठाने, खालून वर. जुन्या गावात त्या दिवसांत शाळा आपोआप बंद पडायची. पहिल्या दिवसाचा झिंगा विकायचा नाही, अशी रीत होती. तो डब्यात घालून लग्न झालेल्या लेकीकडे धाडायचा. लेक कितीही लांब दिलेली असली तरी डबा जायचा, आणि ज्या सासरी तो पोचला नाही तिथल्या लेकीला वाटायचं की माहेरी आपलं काही उरलं नाही. माझी आत्या मरेपर्यंत बाबांनी तिचा डबा चुकवला नाही. मग दरवाजे पडले. त्या वर्षी झिंगे आले नाहीत. पुढच्या वर्षीही नाहीत. वाम मासळीही गेली. बाबा त्या दिवसांत धरणाच्या खालच्या अंगाला जाऊन उभे राहायचे आणि हात हलवत परत यायचे.

नंतर मच्छीमार सोसायटीच्या सभेत सरकारी खात्यातला एक माणूस आला. त्याने सांगितलं की हा झिंगा इथला नव्हेच. आपली वैनगंगा पुढे गोदावरीला मिळते, ती गोदावरी जिथं समुद्राला जाते तिथल्या खारट पाण्यात तो जन्मतो आणि बोटाच्या पेराएवढा असताना वर चढायला लागतो. राजमहेंद्रीच्या खाली त्याची पिल्लं दिसतात म्हणे. सभेतले म्हातारे हसले. एवढासा जीव आणि एवढ्या लांबून? बाबा हसले नाहीत. ती गोष्ट त्यांनी मनात ठेवली आणि इतकी वर्षं कोणाला सांगितली नाही, कारण कोणी विचारलं नाही.

“मले एकदा पाहाचं आहे,” ते म्हणाले. “आपल्याकडं याले तो निंगते कुठून.”

मी आनंदाने आत गेले आणि जेवणाच्या ताटावर सगळ्यांना सांगितलं. मिथुनला ठसका लागेपर्यंत हसू आलं.

“झिंगा पाहाले कोणी जाते का? झिंगा तं बजारात भेटते.”

“तुले नसन पाहाचा, बाबाले पाहाचा आहे.”

“अन् तिथं फोटो कायचा काढाचा? झिंग्याचा?” तो वहिनीकडे वळला. “नीतू, सांग इले.”

वहिनी म्हणाली, “आमच्या माहेरचे सारे काश्मीरले जाऊन आले जी. वस्तीतलेबी दोन घरं जाऊन आले. आपणच राह्यलो.”

आपणच राहिलो. हे वाक्य मी किती वेळा ऐकलं आहे. माणसं सुट्टी घेतात, कपडे घेतात, रांगेत उभी राहतात, आणि हे सगळं कशासाठी, तर आपण राहिलो नाही हे शेजारच्याला कळावं म्हणून. तिथं पोचल्यावर पाहतात कमी आणि दाखवतात जास्त. ज्याला डोंगर आवडतो त्याने डोंगरावर जावं, मी कशाला बोलू? पण माझ्या बापाच्या नजरेची शेवटची पुंजी होती ती. ती दुसऱ्याच्या हौसेवर उडवायला निघाले होते आणि वर उपकार केल्यासारखं बोलत होते.

“दादा, डोळे बाबाचे आहेत,” मी म्हटलं. “तुये नाई.”

“अन् नेऊन कोण राहिलं? मी. तुले काय जाते बोलाले?”

आवाज चढले. आईने ताट सरकवलं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी एक शब्द बोलावा एवढंच मला हवं होतं. ते म्हणाले, “ने गा बापा. जिथं नेतं तिथं ने.”

त्यांचा मला त्या वेळी जेवढा राग आला तेवढा मिथुनचाही आला नाही. गाव उठवलं तेव्हा हेच म्हणाले होते. प्लॉट नदीपासून लांब पडला तेव्हा हेच. ‘गरीब स्वभाव’ म्हणत म्हणत ज्याला माणसं कोपऱ्यात ढकलतात, असा माणूस. मी हात धुतले आणि शेवटच्या गाडीची वाट न पाहता मिळेल त्या वाहनाने पवनीला माझ्या खोलीवर निघून गेले.

मे महिन्यात सगळे काश्मीरला गेले. मी गेले नाही. फोटो मात्र माझ्याही फोनवर पडत राहिले. बाबा बर्फात, भाड्याच्या लांब कोटात. बाबा तिथला झगा घालून, डोक्यावर टोपी, हातात फुलांची कुंडी. कुंडी का दिली होती देव जाणे. आणि एका फोटोत बाबा नावेत होते. गाद्या घातलेली, झालर लावलेली नाव, आणि त्यात माझा बाप पाहुण्यासारखा हात मांडीवर ठेवून बसलेला. आईने नंतर सांगितलं, त्यांनी नाववाल्याकडे वल्हं मागितलं होतं. तो द्यायला तयार होता. मिथुन म्हणाला, बाबा, तुमी बसा, आपण फिराले आलो. ज्या माणसाने उभा जन्म वल्हं मारण्यात घालवला त्याला तलावात नेऊन म्हणे तुम्ही बसा.

आईला काश्मीर आवडलं, तेही खरं आहे. तिने बर्फ हातात घेतला, चाखून पाहिला, वहिनीच्या अंगावर फेकला. ते सांगताना ती पोरीसारखी हसत होती आणि मला तिच्यासाठी बरं वाटलं. ती जागा तिची होती. तिला एकटीला नेलं असतं तरी चाललं असतं.

आमच्या वस्तीत अलीकडे एक नवी रीत निघाली आहे. मोठ्या ठिकाणी जाऊन आलेल्यांचा फ्लेक्स कमानीला लागतो आणि संध्याकाळी सगळ्यांना चहा-जिलेबी मिळते. मिथुनने फ्लेक्सवर बाबांचा कुंडीवाला फोटो घातला. ‘काश्मीर दर्शन यशस्वी’, असं खाली लिहिलं होतं. जणू काही मोहीम होती. बाबांना खुर्चीवर बसवलं. येणारा जाणारा विचारायचा, “मोतीलाल भाऊ, कसं वाटलं?” आणि बाबा म्हणायचे, “मस्त.”

माणसं पांगल्यावर मी त्यांना हाताला धरून ओट्यावर आणलं. “बाबा, खरं सांगा. काय पायलं?”

“पांढरं,” ते म्हणाले. “सारं पांढरं होतं व. वर पांढरं, खाली पांढरं. हे मनत, बाबा तिकडं पाहा, बाबा इकडं पाहा. मी मनलो, हो हो.” ते थांबले. “पांढरं तं मले घरी बसूनबी दिसते.”

मी उठून आत गेले. मिथुन उरलेली जिलेबी डब्यात भरत होता. त्या दिवशी मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. वहिनीने दार लावून घेतलं. शेजाऱ्यांनी मात्र आपली दारं उघडली.

जुलैमध्ये पुन्हा नागपूर झालं. पोंगळी आणखी अरुंद झाली होती. डॉक्टरांनी नुसते थेंब बदलून दिले, आणि मला काय ते कळलं. मी सप्टेंबरची रजा टाकली, रेल्वेची तिकिटं काढली आणि घरी जाऊन सांगितलं की मी बाबांना घेऊन राजमहेंद्रीला चालले आहे. विचारलं नाही, सांगितलं. विचारलं फक्त बाबांना, आणि त्यांनी जाळं खाली ठेवून मान हलवली.

मिथुन म्हणाला, “आता त्याईले दिसतेच काय? आता कायले?”

तो हे वाईट मनाने बोलला नाही. तेच तर जास्त लागलं. दिसत होतं तेव्हा आपण ठरवलं तिथं न्यायचं, आणि दिसेनासं झालं की म्हणायचं, आता कशाला. मी म्हटलं, “जेवढं दिसते तेवढं त्याईचं आहे. तू काश्मीरची पावती दाखवू नको.” बाबा दोघांच्या मध्ये उभे राहिले. आणि पहिल्यांदा म्हणाले, “मिथुन, मी जातो. मले जाचं आहे.”

एवढी पाच-सहा शब्दांची गोष्ट. ती ऐकायला मला माझं अर्धं आयुष्य लागलं.

राजमहेंद्रीच्या अलीकडे गाडी गोदावरीच्या पुलावर आली. बाबांनी कपाळ खिडकीच्या गजांना लावलं. पूल संपता संपत नव्हता आणि खाली नुसतं पाणी, गढूळ, आमच्याकडच्या मातीच्या रंगाचं.

“ही आपलीच का?”

“आपलीबी आहे हिच्यात.”

“लई मोठी झाली व,” ते म्हणाले. सासरी गेलेली लेक बऱ्याच वर्षांनी दिसावी, तसा आवाज होता.

समुद्राच्या तोंडापर्यंत जायचं असं मी ठरवलं होतं. पण पिल्लं राजमहेंद्रीच्या खाली दिसतात असं तो सभेतला माणूस म्हणाला होता, म्हणून आधी तिथं. ऑटोवाल्याने शहर ओलांडून धवळेश्वरमला नेलं आणि हात करून दाखवलं. मी पाहिलं आणि तिथंच थबकले. समोर धरण होतं. काठापासून काठापर्यंत दरवाजेच दरवाजे.

मला काहीही माहीत नव्हतं. एवढं भांडून आणलं, आणि आणलं कुठं, तर दरवाजांपुढे. गोसीच्या दरवाजांनी गाव नेलं, झिंगा नेला, लेकींचा डबा नेला, आणि मी आंधळा होत चाललेल्या बापाला राज्याबाहेर घेऊन आले ते आणखी दरवाजे दाखवायला. मला रडू येत नव्हतं, राग येत होता. देशात जाईल तिथं नदीला कुलूप.

“डिंपल, हे काय आहे?” बाबांना फक्त काळ्या पट्ट्या दिसत होत्या.

खोटं बोलायचं माझ्या तोंडावर आलं होतं. नाही बोलले. “धरण आहे बाबा. इथंबी धरण आहे.”

ते वळले. काठावर जाळी वाळत घातली होती, त्या वासाच्या दिशेने चालू लागले. तिथं एक म्हातारा जाळं झटकत होता. त्याला आमची भाषा येत नव्हती आणि आम्हाला त्याची. बाबांनी त्याच्या हातातलं जाळं हातात घेतलं, गाठ चाचपली, मान डोलावली. मग बोटाचं पेर दाखवलं, दोन बोटांच्या मिशा केल्या आणि हाताने भिंत चढून दाखवली. म्हातारा हसला. “रोय्या,” तो म्हणाला, झिंग्याचं त्यांच्याकडचं नाव असावं, आणि बाबांचा दंड धरून त्यांना पायऱ्यांनी खाली न्यायला लागला.

बांधाच्या टोकाला एके ठिकाणी पाणी पाझरत होतं. भिंत शेवाळाने काळी पडली होती. म्हाताऱ्याने बोट लावून दाखवलं. मला आधी काहीच दिसलं नाही. मग ओला दगड हलतोय असं वाटलं. काचेसारखी पिल्लं होती. डोळा काळा, बाकी अंग आरपार. पाझराच्या कडेकडेने, एकावर एक, भिंत चढत होती. वरून पाण्याचा झोत आला की खाली पडत होती आणि पडली तिथून परत सुरू करत होती.

बाबा गुडघ्यावर बसले. चेहरा भिंतीपाशी नेला, नाक दगडाला टेकेल इतका. त्यांच्या नजरेची जी एवढीशी जागा उरली होती, त्यात ती पिल्लं मावत होती. त्यासाठी कडेचं दिसायची गरज नव्हती. त्यांच्या तोंडावर पाणी उडत होतं आणि ते पुसत नव्हते.

“दिसून राहिले का बाबा?”

“दिसून राहिले.” आणि थोड्या वेळाने, “डोळेबी दिसून राहिले त्याईचे.”

मी फोटो काढला. फोटोत नुसती ओली भिंत आली. तरी मिथुनला पाठवला, रागाने म्हणा, कशानेही म्हणा. त्याचं लगेच आलं, हे काय आहे, भिंत पाहाले गेले का? मी फोन पिशवीत टाकला.

बाबा तिथून हलेनात. म्हातारा जाळ्याकडे परत गेला. माझ्या पायाला मुंग्या आल्या. मग बाबांनी मान न वळवता मला हाक मारली.

“वरपर्यंत मले दिसत नाई. तू पाह. पोचते का एखादा?”

मी मान वर केली. पिल्लं पडत होती, पडत होती. एक मात्र कडेच्या भेगेत शिरलं, थांबलं, पुन्हा सरकलं आणि वरच्या दगडावरून पलीकडच्या पाण्यात गेलं. मी नीट पाहिलं. खोटं सांगायचं नव्हतं.

“पोचला बाबा. एक पोचला.”

मला वाटलं ते हसतील. त्यांनी तळहात ओल्या दगडावर ठेवला, पिल्लांच्या वाटेत येणार नाही अशा बेताने, आणि तसेच बसून राहिले.

“एवढी सालं झाली दरवाजे पडून,” ते म्हणाले, “अन् हे येऊनच राहिले. वर गोसी बंद आहे, हे त्याईले कोणी सांगतलंच नाई.”